चळवळीतला खोटा सोबती
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत हयात घालवलेली माणसं. शाळा थोडी, पण वाचनाची आवड मोठी. मालकाचा खबऱ्या कोण, याची कुजबुज आमच्या खात्यात नेहमी चालायची. पण खबऱ्या आपल्या घरात शिरून संसार मांडतो, हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ते घडलं इंग्लंडात, आणि आज आम्ही तेच सांगणार आहोत.

१९६८ साली लंडनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठे मोर्चे निघाले. त्यावर लंडनच्या पोलिसांनी एक गुप्त पथक काढलं. त्यातले पोलीस दाढी-केस वाढवून, खोट्या नावाने चार-चार, पाच-पाच वर्षं चळवळीत राहायचे. नाव कुणाचं घ्यायचं? तर लहानपणी वारलेल्या मुलांचं! जन्म-मृत्यूच्या नोंदी काढून मेलेल्या लेकराचं नाव उचलायचं, आणि आईबापांना त्याचा पत्ताच नाही. हे पथक चाळीस वर्षं, म्हणजे २००८ पर्यंत चाललं.

आता झळ कुणाला लागली ते पाहा. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या तरुणाला गोऱ्या पोरांनी बस स्टॉपवर भोसकून मारलं. आईबाप न्याय मागत होते. पोलिसांच्या कारभाराची चौकशी चालू होती. त्याच वेळी या पथकाचा एक माणूस कुटुंबाच्या बाजूच्या गोटात बसून बातम्या पुरवत होता. हे २०१४ च्या सरकारी अहवालातच आलं. ज्यांचा मुलगा गेला, पाळत त्यांच्यावरच!

बायांचे हाल तर विचारू नका. हे पोलीस कार्यकर्त्या बायांशी प्रेमाचं नाटक करायचे, वर्षानुवर्षं सोबत राहायचे आणि एक दिवस चिठ्ठी ठेवून नाहीसे व्हायचे. एकीचा सोबती असाच गेला. तिने नोंदणी कचेरीत शोध घेतला, तर त्या नावाचा मुलगा आठव्या वर्षीच वारलेला निघाला. दुसरीला १९८५ साली मुलगा झाला. त्याचा बाप पोलीस होता, हे तिला २०१२ साली वर्तमानपत्रातला फोटो पाहून कळलं. तिने सत्तावीस वर्षं कुणाचं नाव घेऊन मूल वाढवलं? भरपाई मिळाली, पण गेलेली वर्षं कोण देणार?

कामगारांनाही सोडलं नाही. बांधकाम कंपन्यांची एक काळी यादी २००९ साली उघडकीस आली. त्यात तीन हजारांहून अधिक कामगारांची नावं होती. युनियनचं काम केलं, सुरक्षेबद्दल बोलले, की काम बंद. पोलिसांकडूनही त्या यादीला माहिती गेली होती, हे लंडन पोलिसांनी २०१८ साली मान्य केलं. चूल विझते ती अशी.

पण त्या बाया रडत बसल्या नाहीत. एकमेकींना भेटल्या, तारखा जुळवल्या, कागद गोळा केले. २०११ साली आठ जणी कोर्टात गेल्या. २०१५ साली पोलिसांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच साली सरकारी चौकशी बसली. तिच्या २०२३ च्या पहिल्या अहवालाने सांगितलं की हे पथक सुरुवातीलाच बंद व्हायला हवं होतं.

मित्रांनो, यातून घ्यायचं काय? खबऱ्या फक्त बातमी नेत नाही, तो माणसाचा माणसावरचा विश्वास नेतो. त्या बाया सांगतात, आता नवीन माणसावर भरवसा बसत नाही. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुराव्याशिवाय कुणाला खबऱ्या म्हणू नका, कारण संशयाने फुटलेली संघटना फोडायला पोलीस लागत नाही. आणि आपला हिशेब, आपले ठराव उघड्यावर ठेवा. लपवायचंच काही नसेल, तर चोरणारा नेणार काय? आणि कुणी खरोखर फसवलं गेलं, तर त्या माणसाला ‘तुला कळलं कसं नाही’ असं विचारू नका. त्याच्या बाजूला उभे राहा. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे.