नर्सबाईंची मागणी कोणाची?

(हिंगोली येथे महिला मंडळे व बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर एका निवृत्त आरोग्य सेविकेने केलेले भाषण)



नर्सेसच्या संघटनेने सरकारच्या आरोग्य धोरणात काय करावे, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी पुढारी नाही. मी उपकेंद्रावरची नर्सबाई. नोकरीला लागले तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता, १ मे १९९९ पर्यंत आपण परभणीत होतो. पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र हा सरकारी हिशेब, पण पाच हजार माणसे एका जागी थोडीच राहतात? वाडी, तांडा, शेतातली आखाडे, सगळे पायी.

आधी आमची चूक सांगते, मग तुमची.

माझ्या उमेदीच्या काळात कुटुंब नियोजनाचे टार्गेट असायचे. मार्च महिना आला की पोटात गोळा यायचा. केसेस भरल्या नाहीत तर वेतनवाढ थांबायची, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभे करून साहेब बोलायचे. मग आम्ही अशक्त बाई, ओली बाळंतीण, नको म्हणणारी बाई, सगळ्यांच्या दारात जायचो. आम्हाला लांबून पाहून बाया मागच्या दाराने शेताकडे निघून जायच्या. ज्या बाईचे बाळंतपण मी केले, तीच मला चुकवायची.

त्याच काळात स्त्री संघटना टार्गेटविरुद्ध बोलत होत्या. त्यांच्या लेखी नर्सबाई म्हणजे सरकारचा हात. आणि आमच्या संघटनेने काय केले? निवेदन दिले, की थांबलेली वेतनवाढ द्या. टार्गेटच रद्द करा, असे एक वाक्य त्यात नव्हते. १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्या परिषद झाली, देशोदेशींच्या बायांनी तिथे हा प्रश्न लावून धरला, आणि एप्रिल १९९६ पासून केंद्र सरकारने देशभरातले टार्गेट काढले, निदान कागदावर तरी. जे ओझे रोज आमच्या डोक्यावर होते, ते दुसऱ्यांनी लढून उतरवले. हे मला आजही बोचते.

नर्सेसना लढता येत नाही असे मात्र नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सिस्टर अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. तेव्हा मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या. पुढे महापालिका अरुणाताईंना रुग्णालयातून हलवायला निघाली, तर तेही नर्सेसनी होऊ दिले नाही. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. जवळजवळ ४२ वर्षे नर्सेसच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. कामाच्या जागी बाईला सुरक्षितता हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात १९९७ साली म्हटले, कायदा २०१३ साली झाला. नर्सेस ते १९७३ सालीच रस्त्यावर येऊन सांगत होत्या.

ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही आमची देशपातळीवरची संस्था १९०८ सालची. खासगी दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पगाराबद्दल ती २०११ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१६ च्या जानेवारीत निकाल लागला आणि केंद्राला समिती नेमावी लागली. समितीने सांगितले, की २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या. १०० पेक्षा जास्त असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना २० हजारांच्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांकडे सोपवली. आता तुमच्या गावातली जी मुलगी खासगी दवाखान्यात नाइट करते, तिला हळूच विचारा, हातात किती पडतात? सही किती रकमेवर करून घेतात, हेही विचारा.

आता तुमची चूक. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या. ठेकेदारामार्फत नर्सभरती नको, ही त्यांची मोठी मागणी होती. किती महिला मंडळांनी पाठिंब्याचे पत्र दिले? आपण म्हणालो, हा त्यांच्या नोकरीचा प्रश्न. बायांनो, तो आपल्या बाळंतपणाचा प्रश्न आहे. औषध संपले, खाट नाही, डॉक्टर आलेच नाहीत, हे वहीत लिहायला नोकरीची शाश्वती लागते. जिची ऑर्डर अकरा महिन्यांची, ती कशाला लिहील? ठेकेदाराची नर्स गप्प राहते, आणि तिच्या गप्प राहण्याची किंमत खाटेवरची बाई मोजते.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ माणसे दगावली. त्यांत १२ नवजात बाळे. आपल्याकडची अडलेली बाई शेवटी नांदेडलाच जाते. आपल्या हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला, आणि चर्चा त्या झाडूचीच झाली. अशा रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि रजेसाठी ३० टक्के जादा, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. त्या रात्री बाळांच्या वॉर्डात किती सिस्टर होत्या, हे चौकाचौकात कोणी विचारले? रिक्त पदांचा हिशेब मागितला तो उच्च न्यायालयाने, स्वतःहून.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीतही वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आनंद आहे. पण इमारत नाडी पाहत नाही, सलाईन बदलत नाही. तिथे नर्सेसची पदे किती मंजूर, किती भरली, किती ठेक्यावर, हे आपणच विचारायचे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या उपकेंद्राची हीच माहिती ग्रामसभेत मागा. जिल्हा रुग्णालयात लैंगिक छळाची तक्रार घेणारी समिती आहे का, तिच्यावरच्या बायांची नावे भिंतीवर लावली आहेत का, तेही जाऊन बघा.

माझ्या नर्स बहिणींनाही एक सांगणे आहे. भत्ता मागा, हक्काचाच आहे. पण निवेदनाच्या पहिल्या ओळीत लिहा, की एका पाळीत आम्ही किती रुग्ण पाहतो आणि त्यामुळे कोणाचे काय होते. भत्त्याचे निवेदन साहेबांच्या टेबलावर राहते. हे निवेदन गावातली बाई हातात घेऊन फिरेल.

त्या मार्च महिन्यांत मी दारासमोर उभी होते आणि बाई मागच्या दाराने जात होती. आम्ही दोघीही एकाच साहेबाच्या टार्गेटला भीत होतो, आणि एकमेकींना ते कधी बोललो नाही. एवढे एक बोलणे राहून गेले. तुम्ही ते राहू देऊ नका.