कृत्रिम नखें आणि कामाचे हात

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कृत्रिम नखें बसवून देणारीं पार्लरें आतां पुष्कळ झालीं आहेत, आणि तेथें जाणाऱ्या स्त्रियांपैकीं कित्येकींचे हात दिवसभर रिकामे नसतात. कोणी दोन वेळची कणिक मळते, कोणी आठ तास संगणकाच्या कळा दाबते, कोणी गच्चीवरच्या कुंड्या उकरते, कोणी दुसऱ्यांचे केंस धुऊन कापून देते. अशा हातांवरचीं नखें आठ-पंधरा दिवसांतच उचलतात किंवा मोडतात, आणि मग दोष कोणाचा याविषयीं वाद सुरू होतो. गिऱ्हाईक म्हणतें, माल हलका होता. नखें बसविणारी म्हणते, तुम्हीं भांडीं घासलीं. बहुधा दोघींच्याहि म्हणण्यांत थोडें तथ्य असतें. परंतु बिघडलेलें नख स्वतःच आपला जबाब देत असतें. तो वाचतां आला कीं अर्धा वाद मिटतो.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. नख उचलणें आणि नख मोडणें हे दोन निराळे विकार आहेत. उचलणें म्हणजे कृत्रिम थर आणि खरें नख यांमधील पकड सुटणें. मोडणें म्हणजे पकड शाबूत असतां थरानेंच हार खाणें. पहिल्याचें मूळ बहुशः पूर्वतयारींत सांपडतें, दुसऱ्याचें लांबींत आणि घडणींत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसा जातो आणि नखहि जातें.

या नखांचा वंश दंतवैद्याच्या खोलींतून आला आहे. १९५० नंतरच्या दशकांत फ्रेडरिक स्लॅक नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें आपल्या तुटलेल्या नखावर दांतांच्या कामाचें अ‍ॅक्रिलिक लावून पाहिलें, ही हकीकत या धंद्यांत सर्वत्र सांगितली जाते. आज दोन जाती मुख्य आहेत. एकींत द्रव व भुकटी यांचा गोळा ब्रशानें नखावर बसवितात आणि तो हवेंत आपोआप घट्ट होतो. तिला अ‍ॅक्रिलिक म्हणतात. दुसरी जेल, ती दिव्याच्या अतिनील किंवा निळसर प्रकाशाखालीं घट्ट होते. नुसता जेलचा रंग ही तिसरी वस्तु, परंतु तिच्यांत नखाला आधार देण्याचें बळ नसतें. तिच्या भरंवशावर नख वाढवून पुन्हां त्याच नखानें डब्याचें झांकण उघडूं पाहणें व्यर्थ आहे.

आतां उचलण्याचें पाहूं. नखाच्या मुळाशीं, वरच्या कातडीलगत, निर्जीव त्वचेचा एक अत्यंत पातळ पापुद्रा नखावर चिकटून वाढत असतो. तो सहज दिसत नाहीं. पण त्यावर थर बसविला तर थर नखाला न चिकटतां पापुद्र्याला चिकटतो, आणि पापुद्रा सुटला कीं थरहि सुटतो. मुळापाशीं उचललेल्या नखांचें सर्वांत सामान्य कारण हेंच. तो पापुद्रा हलक्या हातानें, जिवंत कातडीस इजा न करतां, खरवडून काढण्यांत जीं दहा मिनिटें जातात तींच पुढचे तीन आठवडे वांचवितात. घाईच्या पार्लरांत नेमकीं हींच मिनिटें गाळलीं जातात.

दुसरें कारण पाणी. नख पाणी शोषून घेतें, फुगतें, मऊ होतें, आणि वाळलें कीं पुन्हां आक्रसतें. म्हणून थर बसविण्यापूर्वीं बोटें कोमट पाण्यांत भिजत ठेवण्याची जी सुखद रीत आहे, ती येथें घातक ठरते. फुगलेल्या नखावर घट्ट थर बसला, आणि नख मागाहून आक्रसलें, तर कडा सुटावयाच्याच. नख कोरडें असावें, त्यावरचें तेल पुसून काढलेलें असावें, आणि पुसल्यावर त्यास कोणाच्या बोटाचा स्पर्श होऊं नये. आमटीची फोडणी देऊन, हात घाईनें धुऊन, तसेंच पार्लरांत जाऊन बसणाऱ्या बाईनें ही गोष्ट आधींच सांगून टाकावी.

तिसरें कारण कातडीवर सांडलेला थर. थर आणि कातडी यांच्यामध्यें केसभर जागा सुटली पाहिजे. द्रव्य कातडीवर चढलें तर तेथून तें लौकर उखडतेंच. पण त्याहून मोठें संकट निराळें आहे. हीं द्रव्यें पुरतीं घट्ट होण्यापूर्वीं कातडीला वारंवार लागलीं तर अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी जडूं शकते. बोटें खाजतात, फुटतात, आणि एकदां जडलेली ही अ‍ॅलर्जी बहुधा जन्मभर सोडीत नाहीं. याच कुळांतलीं द्रव्यें दांत भरण्यासाठीं व सांधे बसविण्याच्या सिमेंटमध्यें वापरतात. तेव्हां आजच्या हौसेचा हिशेब उद्यां दंतवैद्याच्या खुर्चींत द्यावा लागण्याचा संभव असतो. जेलचा दिवा त्या जेलला जुळणारा नसेल, किंवा थर फार जाड असेल, तर वरचा भाग घट्ट होतो आणि तळचा कच्चा राहतो. अंगठा दिव्याखालीं आडवा पडतो, म्हणून तो चार बोटांबरोबर न ठेवतां निराळा धरावा. चार बोटें शाबूत आणि अंगठाच सुटलेला, असें वरचेवर घडत असेल तर प्रथम याचाच संशय घ्यावा.

नख घांसण्याविषयीं मोठा गैरसमज आहे. जितकें जास्त खरवडावें तितकी पकड अधिक, असें मानून कित्येक ठिकाणीं यंत्रानें नख सोलून काढतात. वास्तविक नखाची चकाकी गेली कीं पुरे. पातळ झालेलें नख अधिक वांकतें, वरचा थर वांकत नाहीं, आणि या दोघांच्या ओढाताणींत सांधा सुटतो. म्हणजे पकडीसाठीं केलेला उपायच पकड घालवितो.

मोडण्याचें शास्त्र तरफेचें आहे. बोटाच्या मांसापासून नख जेथें सुटें होतें ती रेषा म्हणजे टेकू. नख जितकें पुढें लांब, तितका टोकावरचा लहानसा धक्काहि त्या रेषेवर मोठा होऊन येतो. म्हणून त्या रेषेच्या आसपास थर सर्वांत जाड असावा लागतो, आणि तेथून मुळाकडे व टोकाकडे तो उतरत जावा लागतो. बाजूनें पाहिलें असतां पुलाच्या कमानीसारखी ती चढण दिसली पाहिजे. सपाट नख देखणें दिसतें, पण लसणाची पहिली पाकळी सोलतांना दगा देतें. कामकऱ्या हातासाठीं नखाचा पुढें आलेला भाग बोटावरच्या भागाच्या निम्म्याहून अधिक नसावा, आणि टोंक अणकुचीदार न करतां गोलसर ठेवावें. गिऱ्हाइकाच्या हट्टाला न जुमानतां लांबी नाकारणारी बाई पुष्कळदां उद्धट वाटते. खरें पाहतां तीच आपल्या कामाची जाणती असते.

ही कमान एके जागीं स्थिर राहत नाहीं, हें विसरूं नये. बोटाचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. म्हणजे तीन आठवड्यांत कमान दोन मिलिमीटर पुढें सरकते आणि टेकूची रेषा उघडी पडते. दोन-तीन आठवड्यांनीं भरणी करून घ्यावी म्हणतात तें एवढ्यासाठीं. भरणी लांबवून वांचविलेले पैसे मोडलेल्या नखाच्या दुरुस्तींत जातात.

मजबुतीचा अतिरेकहि वाईटच. मेथिल मेथाक्रिलेट हें द्रव्य स्वस्त, फार कठीण आणि उग्र वासाचें. त्याचें नख दारांत सांपडलें तर तें मोडत नाहीं; खऱ्या नखाला उखडून बरोबर नेतें. अशा दुखापतींच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्याविरुद्ध कारवाई केली. नाकाला झोंबणारा वास आणि कानशीला दाद न देणारा थर दिसला तर तेथून उठून यावें हें बरें.

घरीं पाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. अ‍ॅक्रिलिक हाताला घट्ट लागलें तरी आंतली क्रिया दिवसभर तरी चालूच असते. त्या रात्रीं भांड्यांना हात लावूं नये. नंतर धुण्याभांड्यांसाठीं रबरी हातमोजे घालावे. डबा चमच्याच्या दांड्यानें उघडावा, कळा बोटाच्या पेराच्या मांसानें दाबाव्या, आणि निजतांना नखाच्या मुळाशीं थेंबभर तेल चोळावें. रुग्णसेवा करणाऱ्यांना मात्र हा सर्व उपदेश लागू नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या हस्तस्वच्छतेच्या सूचनांत, रुग्णांशीं प्रत्यक्ष संबंध येणाऱ्यांनीं कृत्रिम नखें वापरूंच नयेत, असें स्पष्ट सांगितलें आहे.

इतकें करूनहि एखादें नख उचललें, तर त्या फटींत गोंद घालून तें दाबून टाकूं नये. आंत ओल अडकते, आणि ओलींत स्यूडोमोनस नांवाचे जंतु वाढून नखावर हिरवट डाग पडतो. सुटलेला भाग जाणत्याकडून कानशीनें घांसून काढवावा. डाग दिसला तर वरचा सारा थर उतरवून डॉक्टरांस दाखवावें, आणि नख निरोगी होईपर्यंत नवा थर बसवूं नये. थर उतरविण्याची घाई झाली म्हणून दांतानें किंवा दुसऱ्या नखानें ओढून काढणें सर्वांत वाईट, कारण त्याबरोबर खऱ्या नखाचे पदर निघून येतात. तें सोललेलें नख पुढें सरकून त्याच्या जागीं पुरतें नवें नख येण्यास सुमारें सहा महिने लागतात.