माशाच्या ताटांतील पेंड

मसोलीपासून समुद्र दूर नाहीं. डहाणूच्या या किनाऱ्यावर पावसाळा सरला कीं वलांडीवर बोंबील चढतात आणि अंगणांत जवळा वाळूं लागतो. तीच सुकट गरिबाच्या भाकरीला चव देते आणि अंगीं बळही आणते. परंतु असल्या लहान मासळीला आज दुसरें एक गिऱ्हाईक उत्पन्न झालें आहे. तें म्हणजे तळ्यांत पाळलेला मोठा मासा.

माशाला वाढीसाठीं मांसवर्धक द्रव्यें, म्हणजे प्रथिनें, लागतात. तीं पुरविण्याचा सोपा उपाय म्हणजे लहान मासे शिजवून, दाबून व वाळवून केलेली भुकटी. हींत प्रथिनें शेंकडा ६० च्या घरांत असतात. पण १ किलो भुकटीस सुमारें ४ ते ५ किलो ताजी मासळी खर्चीं पडते. समुद्रावरचा भार हलका व्हावा म्हणून मासे पाळावे आणि त्यांनींच समुद्र रिता करावा, हें कुंपणानें शेत खाल्ल्यासारखेंच झालें.

यावर उतारा शेतांतच आहे. रोहू, कटला हे मासे भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड यांवर पूर्वींपासून पोसले जातात. विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीन विपुल पिकतें. त्याचें तेल माणसाच्या स्वयंपाकघरांत गेल्यावर उरणाऱ्या पेंडींत शेंकडा ४५ च्या आसपास प्रथिनें असतात.

मात्र पेंड टाकली कीं काम भागलें, असें नव्हे. कच्च्या सोयाबीनमध्यें पचनास अडथळा करणारें द्रव्य असतें. तें उष्णतेनें नष्ट करावें लागतें. त्यांतील बराचसा फॉस्फरस माशाला पचत नाहीं व पाण्यांत उतरून शेवाळ माजवितो. म्हणून खाद्यांत फायटेज नांवाचें विकर मिसळतात. सोयाबीनमध्यें मेथिओनिन कमी, तिळाच्या पेंडींत लायसीन कमी. वरणानें भाताची उणीव भरून काढावी, तसा या दोहोंचा मेळ बसतो. सरकींत गॉसिपॉल हें विषारी द्रव्य असतें, आणि कोंकणच्या दमट हवेंत भुईमुगाच्या पेंडीला विषारी बुरशी लागण्याचें भय असतें. शिवाय रोहूला मानवतें तें जिताड्याला मानवेलच असें नाहीं. तो जातीचाच मांसाहारी. त्याच्या खाद्यांतील मासळी बेताबेतानेंच कमी करावी लागते. मुंबईस १९६१ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेंत माशांच्या आहाराचें शिक्षण व संशोधन चालतें, तें याचसाठीं.

शहरांतील गृहिणी मासळी घेतांना ताजेपणा पाहते, भाव विचारते. पाळलेला मासा काय खाऊन वाढला, हेंही तिनें विचारावें. त्याच्या वाट्याला पेंड गेली, तरच सुकट माणसाच्या ताटांत राहील.