म्हातारपण हें दुखण्याचें नांव नव्हे
(महोत्सवाच्या प्रसंगीं एटापल्ली येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं वक्त्यानें गत वर्षांचा वृत्तांत सांगावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि श्रोत्यांस वेळेवर जेवावयास मोकळें करावें, असा आपल्याकडे प्रघात आहे. वृत्तांत व आभार हीं दोन्ही कामें आमच्याहून योग्य मंडळींनीं आज केलींच आहेत. तेव्हां आपल्या परवानगीनें आम्ही एका निराळ्या विषयाकडे वळतों. पुढल्या रांगांत बसलेल्या आपणांपैकीं बहुतेकांचीं डोकीं पांढरीं झालीं आहेत, आणि आम्ही स्वतःही पन्नाशी मागें टाकिली आहे. उतारवयांत शरीर कसें सांभाळावें, आणि आपलें म्हणणें मन लावून ऐकणारा वैद्य या अरण्यप्रदेशांत कसा मिळवावा, याचा विचार सणाच्या दिवशीं करण्यांत अशुभ असें कांहीं नाहीं.

आजाऱ्याच्या खाटेपाशीं जाऊन बसणें हें धर्मगुरूचें नित्याचें कर्म होय. त्या निमित्तानें पुष्कळ घरांच्या पडवींत आम्ही बसलों आहों. "बाबा, प्रकृति कशी आहे?" असें विचारावें, आणि उत्तर मिळावें, "कांहीं नाहीं, फादर. वय झालें." गुडघे धरले, वय झालें. समोरचा माणूस ओळखूं येत नाहीं, वय झालें. रात्रीं पांच वेळां उठावें लागतें, पाय सुजतात, घास गळ्याखालीं उतरत नाहीं, या सर्वांचें निदान एकच. हें निदान करणारा वैद्य घरांतच असतो. तो फी घेत नाहीं, आणि औषधही सांगत नाहीं.

आतां थोडें बारकाईनें पाहूं. मोतीबिंदु वयाबरोबर येतो खरा. परंतु लहानशा शस्त्रक्रियेनें तो काढितां येतो व दृष्टि परत येते. रात्रीं वारंवार लघवीस उठावें लागणें हें मधुमेहाचें अथवा पुरुषांमध्यें प्रोस्टेट ग्रंथि वाढल्याचें लक्षण असूं शकतें. पायांची सूज ही हृदयाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असूं शकते. जन्मभर खर्रा चघळणाऱ्यास तोंडांत न भरणारी जखम झाली, किंवा गिळतांना घास अडूं लागला, तर तो कर्करोगाचा आरंभ असण्याचा संभव असतो, आणि आरंभींच कळल्यास त्यावर उपाय आहे. म्हणजे ज्यास आपण म्हातारपण म्हणून नमस्कार करितों, त्यांतील बरेंचसें दुखणें असतें. आणि दुखण्यास इलाज असतो.

हें आम्ही आपल्या मनचें सांगत नाहीं. याच मुलखांत कांहीं डॉक्टरांनीं "असेंच असतें" हें उत्तर नाकारिलें, त्यांची हकीकत आपल्या डोळ्यांसमोर आहे. शेजारच्या भामरागडकडे हेमलकसा येथें २३ डिसेंबर १९७३ रोजीं लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हां हा सर्व प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे; गडचिरोली जिल्हा निराळा झाला तो १९८२ सालीं. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहिलीं आणि माडिया भाषा शिकलीं. ज्या वैद्यास आजाऱ्याची भाषा येत नाहीं त्यास नाडी सांपडेल, पण दुखणें सांपडणार नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें होतें. २००८ सालीं त्या उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

दुसरें उदाहरण 'सर्च' या संस्थेचें. अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं ती १९८६ च्या सुमारास गडचिरोलींत उभी केली. रुग्णालय बांधण्यापूर्वीं त्यांनीं आदिवासी बांधवांस एक साधा प्रश्न विचारिला: तुम्ही दवाखान्यांत येण्यास कां भितां? उत्तरें ऐकण्यासारखीं होतीं. मोठ्या इमारतींत आम्ही हरवतों. तेथील माणसें पांढरीं वस्त्रें नेसतात, आणि पांढऱ्या वस्त्रांत तर आम्ही मेलेल्यास गुंडाळितों. आणि आजाऱ्यास आंत घेऊन त्याच्या माणसांस बाहेर घालवितात. हीं उत्तरें त्यांनीं अडाणीपणाचीं म्हणून टाकिलीं नाहींत. शोधग्रामांतील रुग्णालय खेड्यांतील घरांसारखें बांधलें, नातलगांस आजाऱ्याजवळ राहण्याची सोय केली, आणि लोकांच्याच इच्छेनें त्यास मां दंतेश्वरीचें नांव दिलें.

याच दांपत्यानें दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचा निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत मांडिला. शंभरांपैकीं ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वीं कधीं तरी त्याची तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शंभरांत अवघ्या ८ होत्या. इतकीं वर्षें त्या माउल्यांनीं सोसलें, कारण दुखणें होतें पण विचारणारें कोणी नव्हतें. आपल्या घरांतील म्हाताऱ्या आईची स्थिति आज याहून फारशी निराळी आहे काय, हें प्रत्येकानें स्वतःशींच पाहावें.

आतां वार्धक्याकडे येऊं. 'सर्च' मधील डॉक्टरांनीं गडचिरोलीकडील ८६ खेड्यांतील मृत्यूंचीं कारणें तपासून २०१५ सालीं प्रसिद्ध केलीं. हिवताप किंवा सर्पदंश हेंच येथील मोठें भय, असें आपण धरून चालतों. परंतु त्या गांवांत सर्वांत अधिक माणसें नेणारा रोग निघाला लकवा, म्हणजे अर्धांगवायु. दर सात मृत्यूंमागें एक मृत्यु लकव्याचा, आणि त्यांतील बहुतेक माणसें घरींच वारलीं. बाहेरची वारें, करणी, देवाचा कोप, काय काय नांवें आपण त्यास देतों! मेंदूस रक्त पोंचविणारी नळी गुठळीनें बंद होते किंवा फुटते, हें त्याचें खरें स्वरूप. आणि त्याचें सर्वांत मोठें कारण वाढलेला रक्तदाब.

लकवा ओळखण्यास पदवी लागत नाहीं. तोंड एका बाजूस वांकडें होणें, एक हात उचलतां न येणें, जीभ जड होऊन बोबडें बोलणें, यांतील एकही गोष्ट अकस्मात् घडली तर क्षणभरही थांबूं नये. १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी. गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि तत्पूर्वीं मेंदूचें यंत्रानें चित्र घ्यावें लागतें. आतां कसनसूर, गट्टा, जारावंडी इकडील वाटा डोळ्यांपुढें आणा. श्रावणांत नाला भरून वाहत असतां साडेचार तासांत माणूस कोठवर पोंचेल? म्हणून शहरांतल्या मनुष्यापेक्षां आपणांस अधिक सावध राहिलें पाहिजे. ज्याचा दवाखाना लांब, त्यानें रोग दाराशीं येण्यापूर्वींच त्याची वाट अडवावी.

ती वाट अडविण्याचें साधन स्वस्त आहे. दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजणें, एवढेंच तें. वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं, ठणकत नाहीं. मोजल्यावांचून तो कळत नाहीं. येथील ग्रामीण रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत तो मोजितात. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा व तंबाखू घेऊं नये, पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें, हात हृदयाच्या उंचीवर ठेवावा. पुन्हां पुन्हां मोजूनही आंकडा १४० व ९० किंवा त्याहून वर येत असेल तर उपचार हवाच. आणि गोळी सुरू झाली म्हणजे ती "आतां बरें वाटतें" म्हणून सोडूं नये. बरें वाटतें तें गोळीमुळेंच. विहिरीस पाणी दिसलें म्हणून कोणी दोर तोडीत नाहीं.

आतां वैद्याच्या लक्षाविषयीं. पुष्कळांची तक्रार असते कीं डॉक्टर मान वर करूनही पाहत नाहीं. तक्रार कांहीं ठिकाणीं खरी असेल. परंतु दारांत शंभर माणसें उभीं असतां डॉक्टरच्या हातीं एका आजाऱ्यासाठीं किती मिनिटें येतात, हेंही आपण पाहावें. आणि तीं थोडीं मिनिटें आपल्याकडून वायां जाऊं नयेत असें वागावें. यासाठीं पांच नियम आम्ही सुचवितों. पहिला: जुने कागद व चालू गोळ्यांचीं पाकिटें एका पिशवींत ठेवून ती पिशवी प्रत्येक वेळीं बरोबर न्यावी. दुसरा: सर्वांत मोठी तक्रार सर्वांत आधीं सांगावी, ती केव्हां सुरू झाली, कशानें वाढते, कशानें कमी होते, तें सांगावें. उठतां उठतां दारांतून खरें दुखणें सांगण्याची आपली खोड सोडावी. तिसरा: कांहीं लपवूं नये. खर्रा, मोहाची दारू, पुजाऱ्यानें दिलेली मुळी, दुकानांतून घेतलेली गोळी, सर्व सांगावें. डॉक्टर रागावेल तर रागावो. अर्धी हकीकत ऐकून दिलेलें पुरें औषध अपाय करितें. चौथा: मराठी नीट येत नसेल तर माडिया व मराठी दोन्ही जाणणारें माणूस, निदान गांवची आशाताई, सोबत न्यावी. पांचवा: निघण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत. मला काय झालें आहे? ही गोळी किती दिवस घ्यावयाची? कोणतें लक्षण दिसल्यास मीं लगेच परत यावें? जो वैद्य या तीन प्रश्नांचीं उत्तरें शांतपणें देतो, दंडास पट्टा बांधल्यावांचून सोडीत नाहीं आणि मागल्या खेपेचा कागद वाचतो, तोच लक्ष देणारा वैद्य. तो सांपडला म्हणजे त्यास धरून राहावें. दर महिन्यास नवा दवाखाना करूं नये.

आणखी एक सूचना. सुई टोचली नाहीं, सलाईन लाविलें नाहीं, तर डॉक्टरनें कांहीं केलेंच नाहीं, अशी आपली समजूत आहे. या समजुतीवर बोगस वैद्य पोट भरतात. अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनानें महिनेन् महिने खाणारांच्या पोटांत व्रण होतात व मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. जो डॉक्टर सुई न टोंचतां आपलें सर्व ऐकून घेतो, त्यानें मोठेंच औषध दिलें असें समजावें.

घरच्या पथ्याविषयीं थोडक्यांत सांगतों. सर्व दिवसाचें मिळून मीठ लहान चमचाभर, म्हणजे पांच ग्रॅमच्या आंत असावें. लोणचें व सुकी मासळी यांतील मीठही त्यांतच मोजावें. खर्रा सोडावा, तो तोंडाचा तसाच रक्तवाहिन्यांचाही शत्रु आहे. या जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली, ती बायाबापड्यांच्या चळवळीनें झाली. कागदावरची ती बंदी आपल्या घरांत पाळणें आपल्याच हातीं आहे. वरण, उसळ, अंडें, मासळी यांपैकीं कांहीं तरी रोज पोटांत जावें, कारण नुसत्या भातानें म्हाताऱ्याचे स्नायु टिकत नाहींत. चालतां येतें तोंवर रोज चालावें. अंगणांतील निसरडा दगड व उंबऱ्याजवळचा अंधार दूर करावा; या वयांत मांडीचें हाड मोडलें म्हणजे माणूस खाटेस खिळतो. डॉ. अभय बंग यांस स्वतःसही ऐन उमेदींत हृदयविकारानें गांठलें. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकांत त्यांनीं ती हकीकत लिहिली आहे. विद्वान् डॉक्टरासही जर आपला आहार, व्यायाम व मनाची धांव बदलावी लागली, तर आपण कोण लागून गेलों!

शेवटीं दोन शब्द तरुणांस. मुलांनो, सुनांनो, आईबापांस दवाखान्याच्या दारांत सोडून मोटारसायकलीवर बसून राहूं नका. आंत जा व डॉक्टर काय सांगतो तें ऐका. सत्तर वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येकास, मग तो गरीब असो वा श्रीमंत, आयुष्मान योजनेखालीं वर्षास पांच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराची सोय २०२४ सालच्या ऑक्टोबरपासून झाली आहे. तिचें कार्ड आधार-पत्रावरून निघतें. आईबापांचें तें कार्ड काढिलें आहे काय? नसल्यास या आठवड्यांत काढा. आणि रात्रीं जेवण झाल्यावर त्यांस एकदां विचारा, "आज कोठें दुखतें?" उत्तर "वय झालें" असें आलें, तर तें उत्तर मानूं नका, पुन्हां विचारा.

मरण टळत नाहीं, हें आम्ही धर्मगुरूनें आपणांस निराळें सांगावयास नको. परंतु ज्या दुखण्यास उपाय आहे, तें कोणी न विचारल्यामुळें सोसीत राहणें हा देवानें नेमिलेला भोग नव्हे; ती आपली हयगय आहे, आणि ती उद्यां सकाळींच दूर करितां येते. आपणां सर्वांस परमेश्वर दीर्घ व निरोगी आयुष्य देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.