शेगावला जाताच, तर कॉलेजही पाहून या
(प्रभागसंघाच्या सभेतील बोलणे)

तायांनो, आपण शेगावला दर्शन घेतो, प्रसाद घेतो आन् गाडी धरून पिंपळगावला परत. तिथंच १९८३ पासून संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज आहे. यंदा बारावीच्या पोरीला तेही दाखवा. आधी फोन करा, सुटीच्या दिवशी जाऊ नका. पोरीच्या बाबांनाही न्या. वसतिगृह डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही. माझ्या थोरलीचं शिक्षण त्याच भीतीपायी थांबलं.

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कॅप फेरीतून प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र तिथंच विचारून लिहून आणा.

धाकटीला घेऊन आम्ही मंगळवारी निघतोय. कोण येतं?