फुललेल्या झाडांचा चित्रकार

बंगळूर शहराला उद्याननगरी म्हणण्याचा प्रघात जुना आहे. परंतु त्या नगरीची पुष्पशोभा ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. तिच्यामागे माणसाची योजना आहे. लालबागेचा आरंभ हैदरअलीने 1760 मध्ये केला. पुढे गुस्ताव्ह क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने शहराच्या रस्त्यांचाही विचार बागेसारखाच केला. हे गृहस्थ प्रथम हिंदुस्थानात आले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सेवेत, 1893 मध्ये. आणि 1908 मध्ये ते बंगळूरला गेले. एका जातीच्या झाडांचा बहर ओसरू लागावा तोच दुसऱ्या जातीचा सुरू व्हावा, आणि वर्षाचा कोणताही महिना फुलांवाचून जाऊ नये, अशी त्यांची दृष्टी होती. टॅबेबुया आणि नीलमोहर अमेरिका खंडातून आलेले, गुलमोहर मादागास्करचा. परंतु आज त्यांना परदेशी म्हणण्यास कोणाचे मन धजणार नाही.

या बहराला स्वतःचा चित्रकार लाभला तो रुमाले चन्नबसवय्या यांच्या रूपाने. त्यांचा जन्म 1910 चा, बंगळूरजवळच्या दोड्डबळ्ळापूर येथे. अ. न. सुब्बराव यांनी 1919 मध्ये बंगळूरला स्थापन केलेल्या कलामंदिर या संस्थेत, आणि नंतर म्हैसूरच्या चामराजेंद्र तंत्रविद्यालयात त्यांनी कलेचे धडे घेतले. रेखनाची शिस्त अंगी बाणली, जलरंगांवर हात बसू लागला. आता हा तरुण चित्रकार म्हणून नाव मिळवणार, असे कोणासही वाटले असते.

पण तो काळच निराळा होता. स्वातंत्र्याच्या चळवळीने भल्याभल्यांच्या हातची कामे सुटली. कोणी वकिली सोडली, कोणी शाळा. रुमाले यांनी कुंचला खाली ठेवला. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी उभारलेल्या सेवादलाच्या कार्यात ते गढून गेले. कारावास घडला. पुढे 'ताईनाडू' या कन्नड वृत्तपत्राचे संपादन आणि म्हैसूर राज्याच्या विधान परिषदेचे सदस्यत्व अशा जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आल्या. ऐन उमेदीची वर्षे अशी लोककार्यात गेली. ज्या वयात चित्रकाराचा हात तयार होतो आणि शैलीला स्वतःचे वळण लागते, नेमकी तीच ती वर्षे होत.

येथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. इतका काळ दूर ठेवलेली विद्या माणसाकडे परत येते काय? वीणेच्या तारा पुन्हा जुळवता येतात; बोटांतील सराव मात्र सहजी परत येत नाही. 1962 च्या सुमारास, वयाची पन्नाशी उलटल्यावर, रुमाले यांनी राजकारणाकडे पाठ फिरवून पुन्हा रंग हाती घेतले. या पुनरागमनात त्यांना साथ कोणाची मिळाली असेल, तर ती शहरातील झाडांची.

फुललेले झाड रंगवणे दिसते तितके सोपे नाही. बहर टिकतो थोडे दिवस. चित्रकाराला झाडाच्या सोयीने चालावे लागते. टॅबेबुया पाने झडल्यावर फुलतो, म्हणून फांद्यांची सारी रचना उघडी पडते आणि रेषेची परीक्षा होते. गुलमोहराचे उलट आहे. तेथे लालभडक फुले आणि हिरवी पालवी शेजारी शेजारी येतात. हे परस्परविरोधी रंग एकमेकांना अधिकच प्रखर करतात, आणि तोल थोडा चुकला तरी चित्र भडक होते. नीलमोहराचे निम्मे सौंदर्य तर झाडाखाली पडलेल्या सड्यात असते. हे सारे बंद खोलीत आठवून साधत नाही. रुमाले उघड्यावर, झाडासमोर बसून चित्रे काढीत. कब्बन पार्क, लालबाग आणि शहरातील रस्ते हीच त्यांची चित्रशाळा झाली.

या साधनेत त्यांची कलाही पालटत गेली. विद्यार्थिदशेतील संयमित शिक्षण पाठीशी होते. पण उत्तरकाळच्या त्यांच्या चित्रांत रंग मोकळे झाले. फूल न फूल रेखण्याऐवजी साऱ्या बहराचा उसळता जोर रंगाच्या फटकाऱ्यांतून प्रकट होऊ लागला. ही चित्रे पाहताना व्हान गॉगची आठवण होते. 1889 मध्ये सें-रेमीच्या रुग्णालयात असताना त्यानेही तेथल्या बागेतील आयरिसची फुले रंगवली होती. परंतु त्या दोघांत एक भेद आहे. व्हान गॉग वादळाच्या मध्यभागी उभा राहून फुलांकडे पाहत होता. रुमाले यांच्या मागे सार्वजनिक जीवनाची धकाधकी होती आणि समोर निवांत सावली.

वनस्पतींचा औषधी गुण मुळी-पानांत असतो, असे आपण मानतो. परंतु केवळ पाहण्यानेही झाड माणसाला बरे करते. सभांतील भाषणे, अग्रलेख, पक्षातील मतभेद यांत वर्षानुवर्षे वावरलेल्या मनाला, ज्याच्याशी वाद घालता येत नाही अशा कशासमोर तरी तासन् तास बसावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र हा पलायनवाद नव्हे. ज्या जनतेची सेवा त्यांनी एके काळी चळवळीतून केली, त्याच जनतेच्या रस्त्यावरील शोभा त्यांनी तिलाच पुन्हा दाखवली.

रुमाले 1988 मध्ये निवर्तले. त्यानंतर बंगळूर अफाट वाढले. रस्ते रुंद करण्यासाठी कितीतरी जुने वृक्ष कोसळले, आणि जी सावली पिढ्यांनी गृहीत धरली होती ती पाहता पाहता विरळ झाली. त्यामुळे या चित्रांना आता निराळेच मोल आले आहे. ज्यांनी आपल्या चित्रकाराला पुन्हा उभे केले, त्या झाडांची साक्ष आज त्याच्या चित्रांत उरली आहे. उपकाराची अशी फेड क्वचितच घडते. मात्र चित्रातील गुलमोहर सावली देत नाही. ती हवी असेल, तर दारातील झाडच जपावे लागेल.