सुटा सेल निवडतांना



हातांत धरावयाच्या विजेच्या दिव्याला आपण सर्रास 'बॅटरी' म्हणतों, आणि त्याच्या पोटांत जी खरी बॅटरी असते तिला 'सेल' म्हणतों. शास्त्रज्ञांना ही उलटापालट रुचत नसेल. पण आजच्या भाषणापुरती ती मला सोयीची आहे. कारण मला बोलावयाचें आहे तें सेलविषयींच, आणि तेंही एका विशिष्ट सेलविषयीं. पुन्हा पुन्हा विजेनें भरतां येणारा, यंत्रांतून काढून बदलतां येणारा असा हा लिथियमचा सेल आहे. तो आपल्या घरांत नव्या तऱ्हेच्या दिव्यांतून आणि लहान पंख्यांतून केव्हांच येऊन बसला आहे. परंतु तो कसा निवडावा आणि कसा बाळगावा याचे धडे ज्या वस्तूमुळें मिळाले, ती वस्तु निराळी आहे. ती म्हणजे विजेची सिगारेट.

हिचें आजचें रूप २००३ सालीं चीनमधील हॉन लिक या औषधशास्त्रज्ञानें सिद्ध केलें. तारेचें एक लहानसें वेटोळें विजेनें तापतें, त्यावरील निकोटिनयुक्त द्रवाची वाफ होते व ओढणारा ती ओढतो. आपल्या देशांत १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमानें व त्यामागून झालेल्या कायद्यानें या वस्तूचें उत्पादन, आयात, विक्री, सांठा व जाहिरात यांना बंदी झालेली आहे. तेव्हां ती येथें विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. पण ब्रिटनमध्यें व अमेरिकेंत ती दुकानांतून मिळते, आणि आपल्यांतील अनेकांची मुलें व भाचेपुतणे तेथें राहतात. शिवाय एकदां वापरून फेकून द्यावयाच्या सिगारेटींची विक्री ब्रिटनमध्यें १ जून २०२५ पासून बंद झाली. म्हणजे ज्यांना हें व्यसन आहे त्यांचा संबंध पुन्हा भरावयाच्या सेलशीं आतां अधिकच येणार. निकोटिनची संवय लागते व ती सहजीं सुटत नाहीं, एवढें बोलून वाफेच्या गुणदोषांचा विषय मी डॉक्टरांकडे सोंपवितों.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानें २०१७ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. २००९ पासून २०१६ अखेर त्या देशांतील वृत्तपत्रांतून व इतर वृत्तसाधनांतून विजेच्या सिगारेटीच्या स्फोटाच्या किंवा आगीच्या १९५ घटना प्रसिद्ध झाल्या होत्या, आणि त्यांत १३३ माणसें जखमी झालीं होतीं. त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश घटना सिगारेट ओढतांना घडल्या नव्हत्या. सिगारेट किंवा तिचा सुटा सेल नुसता खिशांत होता. मांडी भाजणें, हाताचीं बोटें जाणें, दांत पडणें अशा या जखमा आहेत. पुढें २०१८ व २०१९ सालीं अमेरिकेंत मृत्यूही घडले. या अपघातांमागें गूढ असें कांहीं नाहीं. बहुतेकांचें मूळ सेलची निवड व हाताळणी यांतच सांपडतें.

या सेलचें नांव म्हणजे नुसता आंकडा आहे: १८६५०. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचें शून्य म्हणजे आकार नळकांड्याचा. सोनी कंपनीनें १९९१ सालीं लिथियम-आयन सेल प्रथम बाजारांत आणले. त्यांमागील शोधांसाठीं गुडिनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो, आणि वापरतां वापरतां तो तीन व्होल्टांच्या आसपास उतरतो.

आतां सेलवर दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. एक त्याची सांठवण. ती मिलिअँपिअर-तासांत मोजतात. दुसरी, तो न तापतां सतत किती अँपिअर प्रवाह देऊं शकतो ती. गिऱ्हाईक बहुधा पहिलीच पाहतो, कारण ती मोठ्या अक्षरांत छापलेली असते. पण चाळींत राहिलेल्या कोणालाही हें ठाऊक आहे कीं, गच्चीवरील टांकी मोठी असली म्हणजे नळाला धार मोठी येते असें नव्हे. धार नळीच्या जाडीवर अवलंबून असते. सेलचें तर याहून अवघड आहे. त्या ठराविक आकारांत सांठवण वाढवावयाची तर विजेचें द्रव्य जाड थरांत भरावें लागतें, आणि थर जाड झाला कीं जोराचा प्रवाह देणें त्याला जड जातें. सॅमसंगच्या २५ आर या सेलची सांठवण २५०० असून तो सतत २० अँपिअर देऊं शकतो. उलट पॅनासॉनिकच्या एका प्रसिद्ध सेलची सांठवण ३४०० च्या घरांत आहे, पण त्याच्याकडून पांच-सात अँपिअरांहून अधिक मागूं नये. दोन्ही सेल उत्तम आहेत. घरांत मंद दिवा रात्रभर जळावा असें वाटत असेल तर दुसरा घ्यावा. जेथें वेटोळें क्षणांत लाल करावयाचें आहे तेथें पहिला.

किती प्रवाह लागणार हें काढण्यास शाळेंत शिकलेला ओहमचा नियम पुरतो. दाबाला विरोधानें भागावें. साध्या, विद्युत्-नियंत्रण नसलेल्या यंत्रांत वेटोळ्याचा विरोध अर्धा ओहम असेल तर ४.२ भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपिअर. विरोध ०.२ ओहम केला कीं तोच आंकडा २१ वर जातो, आणि वर सांगितलेला २० अँपिअरांचा सेलही अपुरा पडतो. हौशी लोक वेटोळीं स्वतः गुंडाळतात आणि वाफ दाट यावी म्हणून विरोध कमी कमी करीत जातात. त्यांच्यापैकीं किती जण आधीं भागाकार करतात, कोण जाणे.

दाब कमीजास्त करतां येणाऱ्या यंत्रांत मात्र हा हिशेब फसवा ठरतो, आणि येथें थोडें थांबणें जरूर आहे. सेलचा दाब उतरत गेला तरी वाफ एकसारखी यावी म्हणून या यंत्रांत एक मंडल बसविलेलें असतें. आपण पांच व्होल्ट ठरविले तर सेल भरलेला असो वा रिकामा होत आलेला असो, वेटोळ्याला पांचच व्होल्ट मिळतात. समजा वेटोळें दोन ओहमचें आहे. त्यांतून अडीच अँपिअर वाहणार, म्हणजे साडेबारा वॅट शक्ति खर्च होणार. दहा टक्के शक्ति मंडलांत वायां गेली असें धरलें तर सेलनें सुमारें १३.९ वॅट पुरविले पाहिजेत. सेल भरलेला असतां त्यासाठीं ३.३ अँपिअर पुरतात. पण तो ३.२ व्होल्टांवर आला कीं तेंच काम करण्यास त्याला ४.३ अँपिअर द्यावे लागतात. सेल जसजसा थकतो तसतसें हें यंत्र त्याच्याकडून अधिक ओढतें! म्हणून अशा यंत्रासाठीं हिशेब करतांना वेटोळ्यावरचा दाब धरूं नये. लागणारी शक्ति घ्यावी व तिला सेलच्या शेवटच्या दाबानें भागावें. साठ वॅटांचें यंत्र एकाच सेलवर चालवावयाचें तर याच रीतीनें उत्तर २०.८ अँपिअर येतें. जें उत्तर येईल त्याहून बरीच अधिक क्षमता असलेला सेल घ्यावा. अगदीं कांठोकांठ घेऊं नये.

मग बाजारांतील वेष्टनांवर ५०००, ९९०० असे आंकडे कशाचे? ते खोटे आहेत. या आकाराच्या चांगल्या सेलची सांठवण बहुधा ३५०० च्या आसपास संपते. अगदीं अलीकडचे कांहीं सेल थोडे पुढें गेले आहेत, पण दुप्पट-तिप्पट कोणीच गेलेला नाहीं. प्रवाहाचे आंकडेही असेच फुगविलेले असतात, कारण क्षणभर सोसवणारा प्रवाह सतत सोसवणारा म्हणून छापणें सोपें आहे. सोनेंचांदी आपण तोलून घेतों. सेलही तोलून पाहावा. चांगल्या सेलचें वजन ४५ ग्रॅमांच्या आसपास भरतें. फारच हलका लागला तर आंतमध्यें काय आहे याची शंका धरावी. वजन बरोबर भरलें म्हणून सेल अस्सल ठरतो असें मात्र नाहीं, कारण दुसऱ्याचे जुने किंवा कमी प्रतीचे सेल नव्या वेष्टनांत घालून विकण्याचा धंदाही चालतो.

कांहीं सेलच्या ऋण टोकाला रक्षक मंडल लावलेलें असतें. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं तें तो तोडतें. असा सेल तीन-चार मिलिमीटरांनीं लांब असतो. घरगुती दिव्यांत तो बसत असेल तर तोच घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे. सिगारेटींत मात्र तो पुष्कळदां बसत नाहीं, किंवा बसला तरी जोराच्या प्रवाहाला मंडल अडून राहतें; आणि नेमकें यामुळेंच तेथें उघडे सेल वापरण्याची प्रथा पडली.

उघड्या सेलचें सबंध धातूचें कवच ऋण असतें. धन टोंपी आणि हें कवच यांच्यामध्यें असतें काय, तर पातळ वेष्टन आणि कागदाची एक चकती. वेष्टन फाटलें, किंवा सेल किल्ल्या व नाण्यांबरोबर खिशांत पडला, कीं मंडल क्षणांत पुरें होतें. सेल एका मर्यादेपलीकडे तापला म्हणजे आंतील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करूं लागते आणि मग ती बाहेरून आवरतां येत नाहीं. वायु बाहेर पडण्यास यंत्राला भोकें नसतील तर नळकांड्याची बंदूक होते. दोन आण्यांच्या मोलाची प्लॅस्टिकची डबी हा सारा प्रसंग टाळते. वेष्टनाला चीर दिसली तर नवें वेष्टन चढवावें. कवचाला पोंचा आला असेल तर तो सेल वापरूंच नये.

दोन सेलवर चालणाऱ्या यंत्रांत ते एकाच जातीचे, एकाच वेळीं घेतलेले असावे, आणि बैलजोडीप्रमाणें नेहमीं बरोबरच वापरावे व बरोबरच भरावे. एक थकलेला असला तर दुसरा त्याला शून्याखालीं ओढून नेतो.

येथें एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. हे सेल करणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात कीं, ते सुटे वापरण्यासाठीं नाहींत. रक्षक मंडलासह बांधलेल्या संचांत घालण्यासाठीं आहेत. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानेंही जानेवारी २०२१ मध्यें सुटे १८६५० सेल विकत घेऊं नका असा इशारा दिला. उलट पक्षीं, सेल कायमचा आंत बसविला कीं तो म्हातारा होतांच सारें यंत्र कचऱ्यांत जातें, आणि हाही अपव्यय लहान नाहीं. माझ्या मतें ज्याला वरील भागाकार करण्याचा कंटाळा आहे त्यानें सुट्या सेलच्या वाटेस जाऊं नये. ज्याला तो करवतो त्यानें सेल करणाऱ्या कंपनीचें मूळ नांव पाहून, ओळखीच्या दुकानांतून घ्यावा.

सेल भरावयाचा तो ४.२ व्होल्टांवर आपोआप थांबणाऱ्या स्वतंत्र यंत्रांत, जागेपणीं, आणि गादीपासून दूर. महिनोन्महिने ठेवावयाचा असेल तर पूर्ण भरून ठेवूं नये. अर्धवट भरलेला अधिक टिकतो. विमानप्रवासांत सुटे सेल सामानाच्या कोठींत देतां येत नाहींत; ते डबींत घालून जवळच बाळगावे लागतात. आणि भारतांत येणाऱ्या भाच्यापुतण्यांना कळवावें कीं, विजेच्या सिगारेटीच्या आयातीसही येथें कायद्यानें बंदी आहे.

निकामी झालेला सेल केराच्या टोपलींत टाकूं नये. कचऱ्याच्या गाडींत तो चिरडला तर तेथेंही पेटतो. २०२२ च्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देणें आपलें काम आहे, आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. देण्यापूर्वीं सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी.